रिक्वेस्ट पाठवली, पण बोलणं राहिलं

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात रात्री नवऱ्याने ‘द सोशल नेटवर्क’ हा सिनेमा लावला, फेसबुक कसं सुरू झालं त्याची गोष्ट. माझं अर्धं लक्ष फोनमध्येच होतं. शेवटी तो मुलगा रिकाम्या खोलीत एकटा बसून जुन्या मैत्रिणीला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवतो आणि तिने ती स्वीकारली का हे बघायला पान परत परत रिफ्रेश करत राहतो. नवरा काही बोलला नाही, त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं.

कॉलेजपासूनची माझी एक मैत्रीण होती. सतरा वर्षांची मैत्री. नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं, ते दीड वर्षात बंद पडलं. तेव्हा ती माझ्याकडेच येऊन रडली होती. गेल्या वर्षी तिने पुन्हा नव्याने काम सुरू केलं आणि फेसबुकवर फोटो टाकला. मी खाली लिहिलं, ‘या वेळी किती महिने गं?’ पुढे हसणारा चेहरा. आमच्यात अशी थट्टा चालायची. तीसेक लोक त्यावर हसले. तिने उत्तर दिलं नाही. रात्री बघितलं तर मी तिच्या यादीत नव्हते. दोन दिवसांनी मी ती कमेंट काढून टाकली. चार महिन्यांपूर्वी तिला रिक्वेस्ट पाठवली, ती अजून पडून आहे. दिवसातून कितीदा बघते ते सांगायची लाज वाटते. नवरा अजून तिच्या यादीत आहे, त्याच्या फोनवरून तिचे फोटो बघते.

रिक्वेस्ट मागे घेऊ का? फेसबुक कायमचं बंद करू का? मी त्या सिनेमातल्या मुलासारखी झाले आहे का? दोष माझा की या यंत्राचा?

— वाट बघणारी

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचल्यावर तो सिनेमा मी परत बघितला. २०१० मध्ये आला तेव्हा पहिल्यांदा बघितला होता, आणि त्यातली वकिलांची बाचाबाची, जुळ्या भावांचा रुबाब आणि त्या पोराचं तोडून बोलणं एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. या वेळी तुमचं पत्र हाताशी होतं. त्यामुळे तेव्हा निसटलेली एक गोष्ट दिसली. त्या मुलाला माफी मागायची संधी मिळते, तीसुद्धा समोरासमोर, आणि तो ती घालवतो. शेवटचा तो प्रसंग मला त्या घालवलेल्या संधीचंच फळ वाटला.

तुमचं लक्ष फोनमध्ये होतं म्हणता, म्हणून तेवढा धागा सांगते. सिनेमा सुरू होतो तेव्हा मार्क, म्हणजे पुढे फेसबुक काढणारा तो मुलगा, आणि त्याची मैत्रीण एरिका एका टेबलाशी बसले आहेत. तो भराभर बोलतोय, तिच्या शब्दाला शब्द लावतोय, पण ऐकत नाही. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी या एका प्रसंगासाठी ९९ टेक घेतले होते, आणि बघताना ते पटतं, कारण दोन माणसं एकमेकांच्या इतकी जवळ बसून इतकी चुकू शकतात हे त्यात नेमकं पकडलं आहे. ती नातं तोडून निघून जाते. तो खोलीवर परततो आणि रागाच्या भरात इंटरनेटवर तिच्याबद्दल घाणेरडं लिहितो. त्याच रात्री विद्यार्थिनींचे फोटो उचलून, दोन-दोन शेजारी ठेवून कोण जास्त छान यावर मतं मागणारी साइट तयार करतो. (ती साइट प्रत्यक्षात होती. नाव फेसमॅश, साल २००३, ऑक्टोबरचा शेवट, जागा हार्वर्ड. तिथे मात्र मुलींबरोबर मुलांचेही फोटो होते.) विद्यापीठाची समिती त्याला जाब विचारते तेव्हा तो सांगतो, मी विद्यार्थी संघटनांची माफी मागितली आहे, विद्यापीठाच्या वृत्तपत्रातून मागितली आहे. समितीपुढे हे सगळं चालू असताना जिच्याबद्दल लिहिलं त्या मुलीचं नाव त्याच्या तोंडी येत नाही.

पुढे काही महिन्यांनी ती त्याला दिसते. मित्रमैत्रिणींबरोबर बसलेली असते. तो उठून तिच्यापाशी जातो, बाजूला येतेस का विचारतो, ती म्हणते इथेच बोल. आणि तो पहिलं काय विचारतो? माझ्या नव्या वेबसाइटबद्दल तू ऐकलंस का. ती त्याला आठवण करून देते की तू माझ्याबद्दल इंटरनेटवर लिहिलंस, आणि तिथे लिहिलेलं पेन्सिलीचं नसतं, शाईचं असतं. एक शब्द पुरला असता. तो शब्द निघत नाही. परत आल्यावर तो मित्राला सांगतो की आता ही साइट बाकीच्या विद्यापीठांत न्यायची.

तिथे मी सिनेमा थांबवला आणि तुमचं पत्र परत वाचलं. तुमच्या पत्रात कमेंट लिहिणं आहे, कमेंट काढणं आहे, रिक्वेस्ट पाठवणं आहे, वाट बघणं आहे, नवऱ्याचा फोन आहे. ‘माझं चुकलं’ हे तुम्ही तिला कधी कळवलंत, ते मात्र मला कुठे सापडलं नाही. कळवलं असतंत तर तुम्ही ते नक्की लिहिलं असतं.

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्हाला उगाच जास्त छळतो आहे असं वाटतं. नाही, तुम्ही त्या मुलासारख्या झालेल्या नाही. एक तर तो मुलगा पूर्ण खरा नाही. एरिका हे पात्र पटकथाकार आरन सॉर्किन यांनी उभं केलेलं आहे. खऱ्या मार्क झुकरबर्ग यांची २००३ मध्येच प्रिसिला चॅन यांच्याशी ओळख झाली होती, २०१२ मध्ये त्यांनी लग्न केलं, आणि सिनेमात त्या कुठेच नाहीत. मुलगी सोडून गेली म्हणून पोराने जग जोडणारी साइट काढली, हा धागा कथेच्या सोयीचा आहे. झुकरबर्ग यांनी नंतर सांगितलं की सिनेमात कपडे तेवढे अगदी बरोबर दाखवलेत. खटले मात्र खरे होते. आपली कल्पना चोरली असं म्हणणाऱ्या विंकलवॉस जुळ्यांशी २००८ मध्ये साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि ज्याने सुरुवातीला पैसे घातले त्या एदुआर्दो सॅव्हरिन या मित्रालाही कोर्टात जावं लागलं.

तुम्हाला रडू एरिकामुळे आलं. माझा जीव एदुआर्दोपाशी अडकला. कंपनीतला आपला हिस्सा जवळजवळ शून्यावर आणल्याचं कळतं तेव्हा तो मार्कच्या टेबलावरचा लॅपटॉप आपटतो, आणि पुढे वकिलांसमोर बसून सांगतो की तुझा एकुलता एक मित्र मी होतो. हे ऐकताना मार्क त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसलेला असतो. मित्र हाताच्या अंतरावर आहे, आणि बोलणं वकिलांमार्फत चाललं आहे. तुमची मैत्रीण नवऱ्याच्या फोनमध्ये दिसते आहे आणि बोलणं एका बटणावर सोपवलं आहे. साम्य शोधायचंच असेल तर ते इथे आहे. स्वभावात नाही.

आता यंत्राचा दोष. आहे, आणि तो सौम्य करून सांगणार नाही. तुम्ही दिवसातून इतक्या वेळा का बघता याचं कारण तुमच्या मनाच्या दुबळेपणात शोधू नका.

सोशल मीडिया फेसबुकपासून सुरू झाला असं सिनेमा बघून वाटतं, पण तसं नाही. आपली ओळख मांडायची आणि ओळखीच्यांची यादी करायची, हे १९९७ च्या सिक्सडिग्रीज या साइटवर होतं. २००२ मध्ये फ्रेंडस्टर आलं, त्याच्या तर नावातच मैत्री होती. गुगलचं ऑर्कुट आलं जानेवारी २००४ मध्ये, आणि ४ फेब्रुवारी २००४ ला हार्वर्डच्या वसतिगृहातून ‘द फेसबुक’. आधी फक्त हार्वर्डच्या ईमेलवाल्यांसाठी, मग आणखी विद्यापीठं, मग २००६ च्या सप्टेंबरात १३ वर्षांवरच्या कुणालाही. यादीतल्या प्रत्येकाला ‘फ्रेंड’ म्हणायची सवय तिथून आपल्या बोलण्यात आली. शाळेतला बाकावरचा सोबती, ऑफिसातले साहेब, एकदाच भेटलेली व्याही मंडळी, सगळे एकाच शब्दाखाली. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या अमेरिकी शब्दकोशाने ‘अनफ्रेंड’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आपल्याकडे यासाठी अबोला हा शब्द आहे, आणि मला तो जास्त खरा वाटतो. अबोला कुणीतरी धरलेला असतो, म्हणजे तो सोडताही येतो. यादीतून काढलं की धरायला काहीच उरत नाही. समोर फक्त बटण राहतं.

पहिली अडीच वर्षं फेसबुकवर कुणाचं काय चाललंय ते कळायला त्या माणसाच्या पानावर जावं लागे. २००६ च्या सप्टेंबरात न्यूज फीड आली आणि सगळ्यांच्या हालचाली आपणहून समोर यायला लागल्या. लाखो विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध गट काढला, ही पाळत आहे असं म्हटलं. झुकरबर्ग यांनी दिलगिरी व्यक्त केली, कुणाला काय दिसावं यासाठी थोडी सोय करून दिली, पण फीड ठेवली. २००९ च्या फेब्रुवारीत लाइकचं बटण आलं. तोपर्यंत एखाद्याच्या फोटोवर काही वाटलं तर शब्द शोधावे लागत.

हा इतिहास सांगते आहे तो तुमच्या कमेंटसाठी. तीच थट्टा तुम्ही दोघींच्या गप्पांत केली असती तर तुम्हाला तिचा चेहरा पडलेला दिसला असता. अर्ध्या सेकंदात तुम्ही म्हणाला असता, ए, सॉरी गं. सतरा वर्षं तुमची थट्टा चालली ती त्या अर्ध्या सेकंदाच्या जोरावर. फेसबुकवर तिचा चेहरा नव्हता, आणि तीस हसरे चेहरे होते. ज्याच्यावर लोक जास्त बोलतात, हसतात, ते फीड आणखी लोकांपुढे नेते. त्यात चूक की बरोबर हा हिशेबच नसतो.

आणि रिफ्रेश. बोटाने पान खाली ओढलं की नवीन काही येतं, ही युक्ती लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रामरने ट्वीटी नावाच्या अ‍ॅपसाठी काढली. पुढे ती सगळीकडे पसरली. तिची चटक लागते आणि त्या परिणामांची मला खंत आहे, असं त्यांनीच नंतर सांगितलं. चटक का लागते याचा अभ्यास जुना आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी ठरलेला दाणा मिळत असेल तर, दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकरच चोच मारायचं थांबवतं. कधी मिळतो, कधी नाही, केव्हा मिळेल काही नेम नाही, असं असेल तर ते मारतच राहतं. तुमची रिक्वेस्ट अशीच आहे. नकार आला असता तर तुम्ही एकदा रडून थांबला असता. पण फेसबुक नकार कळवतच नाही. तिने रिक्वेस्ट काढून टाकली, पाहिलीच नाही, की पाहून तशीच ठेवली, यातलं काहीही तुम्हाला सांगितलं जात नाही. सिनेमात जस्टिन टिंबरलेकने ज्यांची भूमिका केली आहे ते शॉन पार्कर, फेसबुकचे पहिले अध्यक्ष, त्यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे कबूल केलं की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं घेता येईल हाच विचार ही अ‍ॅप्स बनवताना होता, आणि माणसाच्या मनातली एक कमजोरी त्यात जाणूनबुजून वापरली.

म्हणजे दिवसातून वीस वेळा बघण्याचा दोष मी तुमच्याकडे लावणार नाही.

त्या एका ओळीचा मात्र लावणार. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही विचारलंत आणि तुम्हाला खरं उत्तर हवं आहे. ‘या वेळी किती महिने गं’ ही थट्टा म्हणून आली असेल, पण ती तुम्हाला सुचली कारण मागच्या वेळी किती महिने ते तुम्हाला आतून माहीत होतं. ती तुमच्याकडे येऊन रडली होती. तिने विश्वासाने हाती दिलेलं दुःख तुम्ही चव्हाट्यावर आणलंत, आणि तेही ज्या दिवशी ती धीर गोळा करून पुन्हा उभी राहिली होती त्या दिवशी. हसणाऱ्या तिसांना यातलं काही ठाऊक नसेल. तिला होतं, आणि तुम्हालाही. घाव तिथे बसला. तुमच्यात थट्टा चालायची हे खरं आहे, पण ती दोघींत चालायची.

कमेंट दोन दिवसांनी काढलीत, त्यामागे लाज होती हे मी समजू शकते. तिच्या बाजूने बघा. ज्यांनी वाचायचं त्यांनी तोवर वाचलं होतं. कमेंट गेल्याने उलट असं झालं की आता तिला बोट ठेवून दाखवायलाही काही उरलं नाही. तिच्या मनात ती ओळ आहे आणि बाहेर कुठेच नाही. अशा वेळी दुखावलेल्या माणसाला आपलंच काही चुकतंय का, आपण फार मनाला लावून घेतलं का, असं वाटायला लागतं. म्हणून तुमच्या माफीत ती ओळ जशीच्या तशी परत यायला हवी.

माझ्याकडूनही असं घडलं आहे. घरच्यांच्या एका ग्रुपवर मी चुलत बहिणीच्या मुलाबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, सगळ्यांना हसवण्यासाठी. ती गप्प झाली. मी काय केलं, तर पुढचे सात-आठ महिने तिच्या प्रत्येक फोटोवर लाल बदाम टाकत राहिले. मला वाटायचं, तिला कळत असेल. अखेर एका आजारपणाच्या निमित्ताने भेटलो तेव्हा ती म्हणाली, तुझा प्रत्येक बदाम बघून माझा संताप व्हायचा, कारण तुला बोलायला वेळ आहे हे दिसत होतं आणि तू बोलत नव्हतीस. ते ऐकून मी माफी मागितली. त्या दिवशी सगळं ठीक झालं असं नाही, पण तेव्हापासून आम्ही निदान बोलतो आहोत. तुमची रिक्वेस्ट वाचताना मला माझे ते बदाम आठवले. रिक्वेस्टमध्ये तिला काय दिसतं? तुमचं नाव आणि ‘स्वीकारा’ असं एक बटण. त्यात चूक कुणाची, काय झालं, काहीच नाही. आहे ती मागणी. पुढचं पाऊल तिनेच टाकावं, आणि मधलं सगळं गिळून टाकावं.

तर आता करायचं काय. रिक्वेस्ट मागे घ्या, आजच घ्या. मागे घेतल्याचं तिला कळवलं जात नाही, तेव्हा त्यात काही सूचित होण्याची भीती नको. हे आधी करायचं कारण असं की तुम्ही तिला पत्र लिहिणार आहात, आणि पत्र पोचेल तेव्हा रिक्वेस्ट तिथेच लटकत असेल तर ते पत्र तगादा वाटेल.

पत्र म्हणजे कागदावरचं पत्र. तुम्ही म्हणाल, आजच्या काळात कोण लिहितं. मी बराच विचार करून सांगते आहे. फोन केलात तर तिला त्या क्षणी काहीतरी बोलावं लागेल, आणि तयारी नसताना माणूस एक तर तोडून टाकतो किंवा ‘अगं सोड ना, काही नाही’ म्हणतो. दोन्ही तुम्हाला नको आहेत. दारात जाऊन उभं राहणं हे त्याहून मोठं दडपण. मेसेज पाठवलात तर तुम्ही तिथेही निळ्या खुणांची वाट बघत बसाल. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ मध्ये त्या खुणा आणल्यापासून किती घरांत ‘वाचलं तरी उत्तर नाही’ यावरून भांडणं झाली असतील. कागद वाचला की नाही हे कागद सांगत नाही. ती तो दहा वेळा वाचेल, फाडेल, पुस्तकात ठेवेल. तिचं तिच्यापाशी राहील. तुम्हाला तपासण्यासारखं काही उरणार नाही, आणि सध्या तुम्हाला औषध हवं आहे ते हेच.

पत्रात ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘मी गंमत केली होती पण’ म्हटलं की गेलं सगळं. तसंच ‘जर तुला वाईट वाटलं असेल तर’ असं लिहू नका. जर-तरची माफी ही माफी नसते. तिला वाईट वाटलं आहे, त्यात जर कुठे आहे? तुम्हाला किती त्रास होतो, झोप लागत नाही, सिनेमा बघून रडलात, हेही लिहू नका. ते सगळं खरं आहे, पण ते वाचून ती तुमचं सांत्वन करायला लागेल किंवा तसं न केल्याचा दोष तिच्या मनावर येईल. आणि शेवटी काही मागू नका. ना भेट, ना फोन.

मी लिहिलं असतं तर साधारण असं लिहिलं असतं. शब्द तुमचे घाला, तुमच्या दोघींच्या बोलण्यातले.

‘गेल्या वर्षी तू नवीन कामाचा फोटो टाकलास त्याखाली मी लिहिलं होतं, या वेळी किती महिने गं. ते मी लिहायला नको होतं. पहिलं काम बंद पडलं तेव्हा तुझ्यावर काय गुजरलं ते मी बघितलं होतं, आणि तेच मी चार लोकांत हसण्यावारी नेलं. तेही तुझ्या आनंदाच्या दिवशी. नंतर मी ती कमेंट गुपचूप काढून टाकली, तुझ्याशी बोलले नाही, हेही चुकलं. माझं चुकलं गं, मला माफ कर. ज्यांच्यासमोर मी ते लिहिलं त्यांच्यासमोर मी माफी मागावी असं तुला वाटत असेल तर सांग, मी मागेन. तुला नको असेल तर हा विषय मी कधीच कुठे काढणार नाही. या पत्राचं उत्तर द्यायला हवं असं काही नाही.’

त्यातल्या एका वाक्याबद्दल सांगायला हवं. अपमान लोकांसमोर झाला तर माफीही लोकांसमोर हवी, असं तुमच्या मनात येईल आणि तुम्ही फेसबुकवर मोठी पोस्ट लिहायला बसाल. तिला विचारल्याशिवाय तसं करू नका. ज्यांना तो प्रसंग आठवतही नसेल त्यांनाही तो कळेल, त्या पोस्टवर तुमच्या मोठ्या मनाचं कौतुक होईल, लोक बदाम टाकतील, आणि ती पुन्हा एकदा सगळ्यांसमोर ‘जिचं काम बंद पडलं होतं ती’ होईल. हा हक्क तिचा आहे. म्हणून विचारायचं आणि ती सांगेल ते करायचं.

फेसबुक कायमचं बंद करण्याबद्दल. कधीतरी करावंसं वाटलं तर जरूर करा, त्यासाठी माझ्या परवानगीची गरज नाही. आता करू नका. आता केलंत तर तोही न बोलण्याचा एक प्रकार होईल. शिवाय खातं डिलीट केलं तरी ३० दिवसांच्या आत परत शिरलात तर सगळं होतं तसंच मिळतं, आणि सध्याच्या तुमच्या मनःस्थितीत तुम्ही दहाव्या दिवशी शिराल असं मला वाटतं. मग स्वतःवर आणखी चिडाल. पत्र टाकल्यावर महिनाभर फोनमधून अ‍ॅप काढून ठेवा, एवढं पुरे. अगदीच गरज पडली तर कॉम्प्युटरवर उघडा. पान ओढायची ती बोटाची सवय मोडायला थोडा वेळ द्यायचा, इतकाच हेतू.

नवऱ्याच्या फोनवरून तिचे फोटो बघणं मात्र आजपासून थांबायला हवं. तिने तुम्हाला यादीतून काढलं म्हणजे ‘तू इथून मला बघू नकोस’ असं तिने सांगितलं आहे. ते तुम्ही रोज मोडता आहात, आणि तिला कळतही नाही. चांगल्या ओढीने बघता हे मला ठाऊक आहे, तरी ते खिडकीतून डोकावणंच आहे. शिवाय तुम्हाला फोटोत दिसते ती तिची निवडलेली, हसरी बाजू. तुमच्याकडे येऊन रडलेली मुलगी तुम्हाला त्या फोटोंत कधीच दिसणार नाही. नवऱ्याला स्पष्ट सांगा की मला फोन देऊ नकोस. त्या रात्री काही न बोलता त्याने तुमच्याकडे बघितलं, म्हणजे त्याला बरंच आधीपासून कळलेलं असणार. त्याला मदत करायची आहे असं मला वाटतं, फक्त कशी ते तुम्ही सांगितलेलं नाही. त्याने मध्ये पडून तिला काही कळवावं असं मात्र सुचवू नका. ती त्याच्याशी बोलत असेल तर ती जागा तिला मोकळी राहू दे.

उत्तर येईल का, हे मी सांगू शकत नाही. न येण्याची शक्यता खरी आहे आणि तिला तो अधिकार आहे. त्या सिनेमात शेवटी पडद्यावर अक्षरं येतात. कंपनीची किंमत किती अब्ज डॉलर, सदस्य ५० कोटी. त्या ५० कोटींत एरिका आहे, एदुआर्दोचं नावही संस्थापकांच्या यादीत परत आलेलं आहे, पण खोलीत कुणी नाही. तुमच्या खोलीत नवरा आहे. पत्र लिहायला बसाल तेव्हा त्याला शेजारी बसवा. मसुदा त्याला वाचून दाखवा आणि कुठे ‘पण’ डोकावतो आहे का, तेवढं त्याला बघायला सांगा.

पत्ता तिचा तोच असेल ना? नसेल तर तिच्या आईकडे विचारा. सतरा वर्षांच्या मैत्रीत त्यांचा नंबर तुमच्याकडे नक्की असणार. कारण विचारलं तर म्हणा, एक पत्र द्यायचं आहे.

तुमची,
ताई